वारूळ, क्रेन आणि उलटा झगा

आईच्या उजव्या डोळ्याची पट्टी सुटायची होती त्या दिवशी लातीर फाय मुद्दाम इस्त्रीचा सदरा घालून तिच्यासमोर बसला होता. मोतीबिंदूपायी सात वर्षं जिला माणसं नुसती सावल्यांसारखी दिसत होती, तिच्या नव्या डोळ्याला पहिला दिसावा तो एकुलता एक मुलगा, एवढीच त्याची माफक अपेक्षा. डॉक्टरांनी कापूस काढला. आईने दोनदा डोळा मिचकावला, मुलाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "टक्कल पडलं की रे तुला."

मग तिने खिडकीबाहेर पाहिलं आणि तिचा चेहरा फुलला. समोरच्या भिंतीवर कुस्तीचं भलंमोठं पोस्टर होतं: 'वारूळ' विरुद्ध 'क्रेन'.

"हा आपल्या म्बेलफाय गावचा न्गोर ना रे? सेने घराण्यातला?"

"तोच. आता वारूळ म्हणतात त्याला. एकदा पाय रोवले की हलत नाही म्हणून."

"त्याच्या आजोबांसाठी मी गाणी म्हटलीत," आई म्हणाली. "बाजरीची कापणी झाली की आखाडा भरायचा, आणि आम्ही पोरी गात नाही तोवर एक पैलवान लंगोट कसायचा नाही. मला हा पोरगा प्रत्यक्ष बघायचाय. टीव्हीवर नको. टीव्हीवर माणूस हाताएवढा दिसतो. माझा हा डोळा कधी पुन्हा मिटेल कुणी सांगावं, त्याच्या आत एकदा."

डॉक्टर म्हणाले, जायला हरकत नाही. फक्त सहा आठवडे डोळ्यात धूळ जाता कामा नये, काळा चष्मा उतरवायचा नाही आणि गर्दीत धक्काबुक्की होऊ द्यायची नाही. थोडक्यात, सेनेगलमधल्या कुस्तीच्या आखाड्यात जे जे असतं ते सोडून बाकी सगळं चालेल.

लातीर हा रुफिस्कच्या जमीन नोंदणी कचेरीत हेडक्लार्क. एकोणीस वर्षांत त्याच्या टेबलावरून एकही कागद पहिल्या फेरीत पुढे सरकलेला नव्हता, आणि याचा त्याला अभिमान होता. अशा माणसाने योजना आखली म्हणजे ती बिनचूक असणारच. दोन माणसं, दोन तिकिटं, एक टॅक्सी. रविवारी दुपारी जायचं, दिवेलागणीला परत. त्याने हे जेवताना जाहीर केलं आणि समाधानाने माशाचा काटा काढला.

"आणि मी?" त्याची बायको तेनिंग म्हणाली. "मी घरी भात राखत बसू?"

"तुला कुस्ती आवडत नाही."

"कुस्ती नाही आवडत. पण जाणं आवडतं."

अकरा वर्षांची लेक सिगा एव्हाना दाराशी उड्या मारत होती, तिला विचारण्याचाही प्रश्न उरला नाही. चार तिकिटं झाली. चार माणसं चारचौघांत जाणार म्हणजे एका कापडाचे चार पोशाख हवेतच, नाहीतर लोक म्हणतील वाटेत भेटलेली माणसं एकत्र बसलीत. तेनिंगने आकाशी रंगाचं असं कापड आणलं की पाहताना डोळे निवावेत. शिंप्याने शुक्रवार सांगितला. शिंप्याचा शुक्रवार म्हणजे काय ते सगळं जग जाणतं, पण प्रत्येक माणूस दर वेळी नव्याने विश्वास ठेवतो. शेवटी रविवारी सकाळी सिगा शिंप्याच्या दारात फतकल मारून बसली तेव्हा पोशाख मिळाले. आकाशी अस्तर संपलं म्हणून पठ्ठ्याने आतून चक्क मातीच्या रंगाचं अस्तर लावलं होतं. तेनिंगने त्याचे सात पिढ्यांचे पूर्वज काढले.

"आतून कोण बघतंय?" शिंपी म्हणाला. लातीरलाही ते पटलं. खळ देऊन कडक केलेला तो झगा अंगात घातल्यावर त्याला आपण जिल्हाधिकारी असल्यासारखं वाटू लागलं होतं.

टॅक्सीचा बेत शेजारच्या न्दोयकाकांनी हाणून पाडला. न्दोयकाका म्हणजे निवृत्त ट्रक ड्रायव्हर. त्यांच्याकडे एक जुनी लांबडी मोटार होती आणि प्रत्येक विषयावर एक सल्ला होता.

"टॅक्सीवाला आखाड्यापासून कोसभर लांब सोडेल. म्हातारीला चालवणार आहेस? मी नेतो."

"तुम्हाला तिकीट कुठलं मिळायचं आता, काका?"

"मी आत येतच नाही. मी ज्याच्या बाजूने बघतो तो पडतो. चौदा पैलवान पाडलेत मी. गाडीत बसून रेडिओवर ऐकेन, तेही अर्ध्या कानाने." मग त्यांनी आवाज उतरवला आणि झग्यातून एक बाटली काढली. आत गढूळ पाणी आणि तळाशी काड्या. "सात मुळ्यांचं आहे. जाणत्या माणसाकडून आणलंय. वारूळच्या बाजूला बसलात की आखाड्याकडे तोंड करून शिंपडायचं. आणि आत जाताना डावा पाय आधी."

"मी सरकारी माणूस आहे, काका. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही," लातीर म्हणाला आणि बाटली नीट पिशवीत ठेवली.

वाटेत मोटार दोनदा बंद पडली. दोन्ही वेळा न्दोयकाका खाली उतरून तिच्याशी चार गोड शब्द बोलले आणि ती चालू झाली. मागच्या बाजूला तेनिंगची भातमाशाची परात फडक्यात बांधलेली. आखाड्याजवळ मोटार लावल्यावर फडकं सोडलं आणि पाचही जण परातीभोवती बसले. वास सुटला तसे शेजारच्या गाडीतले चौघे सहज चौकशीला आले. त्यांना "या जेवायला" म्हणावं लागलं आणि ते आले. आतून ढोल ऐकू येऊ लागले तशी सिगाने आजीचा हात धरून ओढायला सुरुवात केली. "चला ना! सुरू झालं! बाबा, तो मोठा काटा सोडा आता!"

दरवाज्यापाशी हजारो पायांनी उडवलेली धूळ कमरेएवढी उभी होती. लातीरने आईला झग्याच्या घेरात लपेटून पुढे सरकवलं. चष्मा जागच्या जागी होता. रक्षकाने पिशवीत हात घालून बाटली वर काढली.

"हे काय?"

"पाणी."

"काड्यांचं? कुणाच्या बाजूने करणी करायची आहे? बाटली आत जाणार नाही."

लातीरने त्याच्या जाकिटावरची पट्टी वाचली. ए. सॉ. त्याचा जीव भांड्यात पडला. फाय म्हणजे सेरेर आणि सॉ म्हणजे पुल गुराखी, आणि या दोन जमातींत वाडवडिलांपासून थट्टेचं नातं. गाठ पडली की एकमेकांचा उद्धार करायचा. न केला तर तो अपमान, आणि केलेल्याचा राग येणं हे तर महापाप. या नात्यावर माणसं पोलीस चौकीतून सुटलेली आहेत.

"अरे, गुराख्या!" लातीर दोन्ही हात पसरून ओरडला. "गाई कुणाच्या शेतात सोडून आलास? आणि मालकालाच अडवतोस? तुझा आजोबा माझ्या आजोबांचा गुलाम होता, बाबा. कागद आहे माझ्याकडे, शिक्क्यानिशी!"

आता समोरून 'पोटभऱ्या', 'परातचाट्या' असं काहीतरी यायला हवं होतं. काहीच आलं नाही. रक्षकाचा चेहरा दगडासारखा. लातीरला वाटलं, काय नट आहे! त्याला आणखी चेव चढला.

"दूध पिऊन पिऊन कान बंद झाले वाटतं? हो बाजूला, गुलामा!"

मागची रांग एक पाऊल मागे सरली.

"माझं नाव सेक," रक्षक म्हणाला. "जाकीट सॉचं आहे. तो जेवायला गेलाय."

लातीरच्या अंगावरची सगळी खळ एकदम उतरली. सेक म्हणजे वोलोफ, तिसरीच जमात. सेक आणि फाय यांच्यात थट्टेचं नातं तर सोडाच, ओळखही नव्हती. भर रांगेत, वर्दीतल्या परक्या माणसाला त्याने दोनदा गुलाम म्हटलं होतं.

"बाबा," सिगा कुजबुजली, "पळायचं का?"

"ओळखपत्रं," सेक म्हणाला. "चौघांची."

लातीरने कागद काढले. एकोणीस वर्षं तो लोकांना जे सांगत आला होता ते त्याला आता समोरून, शब्द न् शब्द ऐकू आलं: "छायाप्रत चालत नाही. मूळ प्रत आणा."

"अहो, पण मूळ प्रत रुफिस्कला..."

"मग रुफिस्कला जा. आणा. आम्ही इथेच आहोत." हेसुद्धा त्याचंच वाक्य. आपण ते किती थंडपणे म्हणत असू, हे त्याला पहिल्यांदाच कळलं. आत ढोल टिपेला गेले. सेकने आईकडे बोट केलं. "आणि आजी, चष्मा काढा. फोटोशी चेहरा जुळला पाहिजे."

"चष्मा निघणार नाही," लातीर म्हणाला.

"मग आत जाणं होणार नाही."

"नको तर नको. डोळा गेला तर कुस्ती काय कामाची?" मागे गर्दीने ढकललं, धूळ उठली आणि त्याने आईचं तोंड स्वतःच्या छातीशी दाबून धरलं. इतक्या जवळ येऊन परत फिरायचं, हे तिला कसं सांगायचं ते त्याला कळेना.

झग्यातूनच आईचा आवाज आला. "बाळा, तुझ्या आईचं माहेरचं आडनाव काय रे?"

सेक गोंधळला. कुणी म्हाताऱ्या बाईने आईची चौकशी केली तर उत्तर द्यावंच लागतं. "बा."

"कुठली?"

"पोदोरची."

"पोदोरचे बा! म्हणजे पुलच की!" आईने झग्यातून डोकं बाहेर काढलं. "अरे लबाडा, म्हणजे निम्मा तरी आमचा गुलाम निघालास! मग असं कर. तुझा बापाकडचा निम्मा भाग उभा राहू दे इथे नियम सांगत, आणि आईकडचा निम्मा बाजूला होऊन मला वाट दे."

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. सेकने ओठ घट्ट मिटून पाहिले, पण ते त्याच्या ताब्यात राहिले नाहीत. "हे सेरेर!" तो हसत ओरडला. "भाताची परात दिसली की घर पेटलं तरी उठत नाहीत, आणि आज कुस्तीला आले! वास येतोय तुमच्या झग्याला माशाचा! जा, म्हातारे, जा. माझ्या आईने ऐकलं तर मलाच मारेल. पण बाटली नाही म्हणजे नाही."

"बाटली नको ना?" आईने बाटली घेतली, बूच काढलं आणि सात मुळ्यांचं ते पाणी काड्यांसकट घटाघटा पिऊन टाकलं. "आता पोटातून नेते."

आत गेल्यावर लातीरला डाव्या पायाचं आठवलं, तोवर दोन्ही पाय आत होते. त्यांची जागा वारूळच्या बाजूला, वरून चौथ्या रांगेत. सगळी बाजू मातीच्या रंगाने माखलेली: टोप्या मातकट, सदरे मातकट, झेंडे मातकट. समोरची बाजू सगळी आकाशी. लातीर अभिमानाने झगा सावरत बसणार, तोच गळ्यात शिट्टी अडकवलेली एक धिप्पाड बाई उभी राहिली.

"क्रेनची माणसं पलीकडे. इथे काय हेरगिरी करायला आलात?"

"आम्ही वारूळच्या गावचे आहोत, बाई," लातीर म्हणाला.

"हो का? आणि हा रंग?"

तीन हजार मातकट माणसांमध्ये चार आकाशी ठिपके. लातीरने तेनिंगकडे पाहिलं. तेनिंगने आकाशाकडे पाहिलं.

"मी म्हटलं होतं," सिगा म्हणाली. "तुम्ही म्हणालात, लहान तोंडी मोठा घास."

पुढे जे झालं ते तेनिंगच्या डोक्यातून निघालं. तिने आपल्या झग्याची बाही उलटी करून पाहिली. शिंप्याचं अस्तर! त्या क्षणी ज्या शिंप्याचे पूर्वज तिने सकाळी काढले होते, त्याला तिने भरभरून आशीर्वाद दिले. ती, आई आणि सिगा बायकांच्या मोरीत जाऊन पोशाख उलटे करून आल्या. लातीरला मात्र चार जागा राखायच्या होत्या. जमीन नोंदणी कचेरीच्या हेडक्लार्कने तीन हजार लोकांदेखत झगा डोक्यावरून काढला, भोकाच्या बनियनवर उभा राहून तो उलटा केला आणि पुन्हा घातला. आता शिवणी बाहेर, लोंबणारे दोरे बाहेर, आणि छातीवर शिंप्याच्या खडूने लिहिलेलं 'पोट: जास्त'. शिट्टीवाल्या बाईने ते मोठ्याने वाचलं आणि स्वतःच्या पिशवीतले भुईमूग पुढे केले. एकदा आपलं म्हटलं की या लोकांना हातचं राखून वागता येत नाही.

मग तीन तास काय सोहळा झाला! कुस्ती म्हणजे या देशात अकरा सेकंदांची झटापट आणि त्याआधी अर्धा दिवस उत्सव. ढोलांच्या सात रांगा. वारूळ आला तो दंडाला, मांडीला, कमरेला ताईत बांधून. डोक्यावर दूध ओतून घेतलं, मग लाल पाणी, मग हिरवं. क्रेनने एक कबुतर सोडलं. वारूळने मागे चालत आखाड्याला फेरी मारली. क्रेन नाचला, वारूळ नाचला, दोघांचे वीस-वीस चेले नाचले. तेनिंग, जिला कुस्ती आवडत नव्हती, ती बाकावर उभी राहून ओरडत होती, "मोड त्याला! त्या लोखंडाच्या सांगाड्याला मोड!" सिगाचा आवाज पहिल्या तासातच बसला. आई मात्र जागची उठली नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, काळ्या चष्म्यातून ती सगळं पीत बसली होती. मधूनच विचारायची, "तो निळ्या पट्ट्याचा ताईत आहे ना त्याच्या दंडाला?" आणि लातीरने डोळे ताणून पाहिलं तर तो असायचा.

सूर्य कलला. पंचाने शिट्टी तोंडाशी नेली. आणि तीन हजार माणसं एका दमात उभी राहिली.

आईपुढे भिंत झाली. समोर एक सहा फुटी गृहस्थ, त्यांच्यापुढे आणखी एक, त्यांच्या खांद्यांवर पोरं. बाकावर उभं करावं तर बाकं लोकांच्या धक्क्यांनी डुगडुगत होती. "बसा हो!" लातीर ओरडला. "म्हातारी आहे मागे! बसा!" त्याचं त्यालाही ऐकू आलं नाही.

"लातीर," आई त्याचा दंड धरून म्हणाली, "मला काही दिसत नाही रे."

सात वर्षं तिने हे वाक्य एकदाही तक्रार म्हणून उच्चारलं नव्हतं. आज उच्चारलं.

लातीर खाली बसला. "चढ पाठीवर."

"वेडा झालास? एवढा साहेब माणूस तू..."

"चढ आई! शिट्टी होईल!"

तेनिंगने एका झटक्यात आपली कमरेची ओढणी सोडली, सासूला नवऱ्याच्या पाठीवर टाकलं, आणि तान्ह्या पोराला बांधतात तशी ओढणी भोवती लपेटून पुढे छातीवर गाठ मारली. एक, मग दुसरी. सिगाने मागून आजीला रेटलं. लातीरच्या गुडघ्यांनी काहीतरी भलताच आवाज केला, पण तो उभा राहिला. शिट्टी झाली.

त्याला समोरच्या गृहस्थांच्या मानेवरचा मस दिसत होता. दुसरं काही नाही.

"धरलं!" पाठीवरून आईचा आवाज आला. "हात पकडला... नाही, सुटला! अरे पाय बघ, पोरा, पायाकडे बघ त्याच्या! तुझ्या आजोबाने असंच... आता! आता आत शीर!" आणि प्रत्येक शब्दाला लातीरच्या टकलावर एक चापट. "उचल! उच..."

मग असा आवाज झाला की लातीरला वाटलं आखाडा कोसळला.

"काय झालं? आई? कोण पडलं?"

त्याच्या मानेवर काहीतरी गरम टपटपलं. "डोळ्यात धूळ गेली का? आई! चष्मा आहे ना?"

"गप रे," आई म्हणाली. "क्रेन पडलाय. पाठीवर, उताणा. न्गोरने गुडघा वाकवून त्याला पोत्यासारखा टाकला. सगळं दिसलं मला. त्याच्या पाठीला लागलेली वाळूसुद्धा दिसली."

आणि ती गाऊ लागली. कापऱ्या आवाजात, जुन्या सेरेरमध्ये, आखाड्यातल्या विजयाचं गाणं. आधी शिट्टीवाल्या बाईने साथ धरली, मग तिच्या मागच्यांनी, मग रांगच्या रांगेने. समोरच्या गृहस्थांनी वळून पाहिलं आणि खजील होऊन खाली बसले. आता समोर मोकळं झालं, पण कुस्ती संपली होती.

"बाबा!" सिगा घोगऱ्या आवाजात किंचाळली. "पडद्यावर बघा! आपण पडद्यावर!"

आखाड्याच्या टोकाच्या प्रचंड पडद्यावर लातीर फाय, हेडक्लार्क, उलट्या झग्यात, छातीवर 'पोट: जास्त' आणि त्यावर ओढणीची गाठ, पाठीवर बांधलेली काळ्या चष्म्यातली आई. उभ्या देशाच्या घराघरांत हेच दिसत असणार. उद्या कचेरीत कसं तोंड दाखवायचं? त्याने चेहरा झाकायला हात उचलू पाहिला, पण दोन्ही हात आईच्या पायांखाली होते.

वारूळ चेल्यांच्या खांद्यांवर बसून फेरी मारत होता. लातीरची कंबर आता उघड उघड रडत होती. "आई," तो कण्हत म्हणाला, "झालं ना आता? उतरवू?"

"एवढ्यात?" आईने त्याच्या टकलावर हनुवटी टेकली. "तुला पाठीवर बांधून मी तीन मोसम सगळे आखाडे हिंडले. उभी राहून गायचे, आणि तू झोपलेला असायचास. तू काय अकरा सेकंदांत दमलास?"

लातीरने एका हाताने तिला सावरून दुसऱ्याने ओढणीची गाठ आणखी घट्ट ओढली.

"उजवीकडे वळ," आई म्हणाली, "तो तिकडे चाललाय."

लातीर उजवीकडे वळला.